रोटाच्या आधीचे सात दिवस

ताईच्या पाण्यावरच्या उपासांचं वेळापत्रक मी केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण खरं सांगायला मला उशीर होतो, हे आता मला पक्कं कळलंय.

मी मयुरी. दहावी अ, एरंडोल. नववीत असताना बाईंनी नुसतं नाव घेतलं तरी मी बाकाखाली वाकून लपायचे. मग त्याच बाईंनी मला वक्तृत्व स्पर्धेत ढकललं, आणि जळगावला जिल्ह्यातून मी दुसरी आले. ढाल हातात आली आणि माझी जीभ जी सुटली ती सुटलीच. गल्लीत कुणाचा फॉर्म भरायचा असो, कुणाचा मोबाइल अडलेला असो, मयुरीला बोलवा. पारोळ्याची मंदाकाकू आली की सगळ्यांना सांगायची, ‘हाई पोरले बठ्ठं समजस,’ या पोरीला सगळं कळतं. मलाही तसंच वाटायला लागलं. पंधराव्या वर्षी आपल्याला बठ्ठं समजतं असं वाटणं किती छान असतं म्हणून सांगू. छाती भरून चालायचे मी.

ताई म्हणजे मोहिनी. तेवीस वर्षांची, बी.एस्सी. झालेली. घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायची. गोल चेहरा, हसली की डोळे बंदच होणार. आम्ही तिला कधी जाड म्हटलं नाही, कारण आम्हाला ती जाड दिसलीच नव्हती. ते धुळ्याला गेल्यावर कळलं.

आमचे नाना एसटीत कंडक्टर आहेत, धुळ्याच्या फेरीवर. त्यांच्या गाडीतल्या एका गुरुजींनी हे स्थळ सुचवलं. मुलगा हितेंद्र, तिथल्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला. मे महिन्यात ते आमच्याकडे येऊन ताईला बघून गेले, मग आम्ही त्यांचं घर बघायला धुळ्याला गेलो. चिवडा झाला, चहा झाला, आणि मुलाच्या आत्याने आईच्या गुडघ्यावर हात ठेवून सांगितलं, ‘मुलगी आम्हाला पसंत आहे हो. जरा अंगाने भरलेली आहे, पण साखरपुडा दिवाळीनंतर. तोवर होईल कमी. फोटो जन्माचे असतात, म्हणून म्हटलं.’

सगळे हसले. ताई पण हसली. हितेंद्र बशीतले शेंगदाणे निवडत बसले होते.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातले होते आणि आम्ही दोघी चिमण्या हाकत बसलो होतो. ताईने विचारलं, ‘मयू, नुसत्या पाण्यावर माणूस किती दिवस राहू शकतो?’

‘कशाला? तुला गांधीजी व्हायचंय?’

‘सांग ना. आणि ते किती दिवसांनी पुन्हा करायचं असतं? मोबाइलवर एक बाई म्हणते आठवड्यातून एकदा, दुसरा म्हणतो महिन्यातून, तिसरा म्हणतो ऋतू बदलला की. कुणाचं धरू?’

माझ्याकडे कुणी प्रश्न घेऊन आलं की मला कसं उभारी आल्यासारखं व्हायचं. दोन दिवसांत मी बारा व्हिडिओ बघितले. त्या बारा जणांचं एकमेकांशी काही जुळत नव्हतं. एकच गोष्ट सगळे म्हणत होते, शेवटी, घाईघाईत, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. ते मी पानमसाल्याच्या जाहिरातीखालच्या बारीक अक्षरांसारखं सोडून दिलं. बाकीच्यांची सरासरी काढली. महिन्यातून एकदा, तीन दिवस. वहीत रकाने आखले आणि ताईला दिले.

ताई म्हणाली, ‘आई जेवायला बसवेल ना.’

त्यावरही माझ्याकडे उत्तर होतं. आमच्या घरात मुलगी जेवत नाही म्हटलं तर चार जण विचारतील. पण तिचा उपास आहे म्हटलं तर कुणी विचारत नाही, उलट आवाज खाली करून बोलतात. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि ताईचे दिवस वारांना जोडून दिले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. आई काय खूश झाली. चांगलं सासर मिळालं म्हणून लेक देवाचं करायला लागली, असं तिने मंदाकाकूला फोनवर सांगितलं.

राहिला फराळ. आई रोज भगर करायची, शेंगदाण्याची आमटी करायची, कधी साबुदाण्याची खिचडी. मी ताट वर ताईच्या खोलीत न्यायचे, दार लावून स्वतः खायचे आणि रिकामं ताट खाली आणायचे. आई म्हणायची, ‘खाल्लं का तिने सगळं?’ मी म्हणायचे, ‘चाटूनपुसून.’ दोन महिन्यांत माझ्या शाळेच्या स्कर्टचा हूक लागेना. ताईला मी म्हटलं, ‘तुझं वजन कुठं जात नाही, माझ्याकडे येतंय.’ ती पोट धरून हसली. उपाशीपोटी इतकं हसल्यामुळे तिला चक्कर आली आणि ती पलंगाची कड धरून बसली. मी तरी हसतच होते.

पहिल्या वेळी काटा चांगला खाली आला. दहा दिवसांत होता तिथे परत. ताई रडली. मी वहीत आकडेमोड केली आणि म्हटलं, मध्ये अंतर फार पडतंय. मग महिन्याचे पंधरा दिवस झाले. दुसऱ्या वेळी तीन दिवस, तिसऱ्या वेळी आषाढी एकादशी धरून चार. काटा खाली जायचा, वर यायचा. ताईच्या कंगव्यात केसांचा गुंता निघायचा. भर उकाड्यात ती पायात मोजे घालायची. शिकवणीच्या एका मुलाने घरी जाऊन सांगितलं, मॅडमने सात आठे बावन्न सांगितलं. त्याच्या आईने आमच्या आईला सांगितलं, आणि आमच्या आईने, ‘लग्न ठरलंय, लक्ष उडतं पोरींचं,’ असं म्हणून विषय संपवला.

मग श्रावण लागला. श्रावण म्हणजे माझ्या वहीची दिवाळीच. प्रत्येक वाराला काही ना काही आहे. रविवार, सोमवार, मंगळवारी नागपंचमी, पुढे बुध, गुरू, शुक्रवारी जिवती, शनिवार. सलग सात. घरात कुणाला शंका येणं शक्य नाही. आणि आठव्या दिवशी रविवारी कानबाई, आमच्या खान्देशातल्या देवीचा सण. घरभर माणसं, कामाची धांदल, ताईकडे कोण बघतंय. उपास कसा सोडायचा तेही मी लिहून ठेवलं होतं. दोन दिवस फक्त मुगाचं पाणी आणि पेज, थोडं थोडं. इतकी मी हुशार.

पाचव्या दिवशी ताई म्हणाली, ‘मयू, पोटऱ्यांत गोळे येतायत. छातीत धडधडतं. सोडू का?’

मी पलंगावर तिच्यासमोर बसले. तिच्या ओठांची सालपटं निघाली होती. मी म्हटलं, ‘ताई, दोनच दिवस राहिलेत. इतकं केलंस ते सगळं वाया घालवणार आहेस? तू करू शकतेस.’

हे मी स्पर्धेच्या आवाजात म्हटलं. शेवटच्या वाक्याआधी थोडं थांबून. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘बरं.’

रविवारी कानबाई बसली. चौरंगावर नारळाला नथ, लुगडं, दागिने. नानांचे थोरले भाऊ झुलाल आबा आणि मंदाकाकू पहाटेच पारोळ्याहून आले होते. ज्यांना कानबाई माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, त्या दिवशी रोट करतात. आमच्याकडे घरातल्या पुरुषांच्या मोजणीने मुठीमुठीने गहू घेतात, दळतात, आणि त्याच पिठाच्या पुरणपोळ्या, सोबत खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हा रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा नाही, पानात उरवायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही तो चालत नाही. संपेपर्यंत घरच्यांनी खात राहायचं.

हे मला लहानपणापासून माहीत. वेळापत्रक करताना मात्र मी कानबाईकडे गर्दीचा दिवस म्हणून बघितलं. रोटाचा विचारच केला नाही.

दुपारी पंगत बसली. ताई माझ्या शेजारी. देवीसमोर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. इथे ताट वर न्यायची सोय नव्हती. मंदाकाकूने ताईच्या पानात दोन पोळ्या टाकल्या, वरून तूप ओतलं, वाटीभर खीर वाढली.

‘काकू, एकच पुरे,’ ताई म्हणाली.

‘खाई ले माय. पुढला साले तुले हाऊ रोट नही. तू दुसरासनी व्हई जाशी.’ काकूचे डोळे भरून आले होते. ‘आबा, आणखी एक वाढा पोरीला.’

आबांनी वाढली. ताईने माझ्याकडे बघितलं. काहीतरी सांग, असं ते बघणं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं की हिला बरं नाही. पण मग काय होतंय विचारतील, एकेक करत सगळं निघेल, आणि धुळ्यापर्यंत जाईल. मी माझ्या पानात बघून जेवत राहिले.

ताईने सगळं खाल्लं. आधी हळू, मग भराभर. सात दिवसांची भूक होती ती. संध्याकाळी पुन्हा रोट, सोमवारी सकाळी पुन्हा. ‘बघ, आता कशी तरतरी आली तोंडावर,’ आई म्हणाली. मलाही वाटलं, मुगाचं पाणी वगैरे उगाच लिहितात.

सोमवारी दहाच्या सुमाराला कानबाई विसर्जनाला निघाली. डफ, गुलाल, बाया फुगड्या घालत अंजनी नदीकडे. ताई माझा दंड धरून चालत होती. तिच्या पायांवर सूज होती, चप्पल रुतलेली. बाजारपेठेच्या वळणावर ती खाली बसली. श्वास लागला होता, हात कापत होते. पुढची मंडळी नाचत पुढे गेली. आई, नाना आणि मी तिला रिक्षाने जवळच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर चांगले होते, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब बघितला, आणि विचारलं, ‘जेवण वगैरे काय चाललंय हिचं?’

आई म्हणाली, ‘श्रावणाचे उपास करत होती साहेब. पण फराळ रोज पोटभर करायची. ही मयुरीच नेऊन द्यायची ना वर. काल तर रोट खाल्ला, व्यवस्थित.’

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. ‘खायची का?’

ताई पलंगावरून माझ्याकडे बघत होती. मान अगदी एवढीशी हलवली तिने, नाही म्हणून. सांगू नको म्हणून.

‘हो,’ मी म्हणाले.

एकच अक्षर. जिल्ह्यात दुसरी आलेली मुलगी मी.

डॉक्टरांनी ग्लुकोजची बाटली लावली. थकवा आहे, दमट हवा आहे, संध्याकाळपर्यंत घरी न्या म्हणाले. मी बाटलीतले थेंब बघत होते आणि मला खरंच बरं वाटत होतं. म्हटलं, सात दिवसांचं सगळं आता नळीतून भरून निघेल, कुणाला काही कळणार नाही, सुटलो आपण.

दुसरी बाटली अर्धी झाली तेव्हा ताई म्हणाली, ‘आई, मला दोन दोन दिसतेयस तू.’ तिची बुबुळं आडवी आडवी थरथरत होती. तिला उठवून बसवलं तर ती बाजूला कलंडली. मग ती नानांना म्हणाली, ‘माझं दप्तर कुठंय?’ नाना म्हणाले, ‘कोणतं दप्तर, बेटा?’ ती म्हणाली, ‘शाळेचं. उशीर होतोय मला.’ डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी स्वतः गाडी बोलावली आणि जळगावला फोन केला.

जळगावच्या दवाखान्यात एक बारीक अंगाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी आईला विचारलं, नानांना विचारलं, मग मला हाताला धरून बाहेर जिन्यापाशी नेलं. ‘तुझी बहीण तुझ्याशी बोलते ना? खरं सांग. किती दिवस काही खाल्लं नव्हतं?’

‘सात.’

‘फराळ?’

‘तो मी खाल्ला.’

‘याआधी?’

‘तीन वेळा. मे महिन्यापासून.’

त्या पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. आत धावत जाऊन नर्सला इंजेक्शन सांगितलं. परत आल्या तेव्हा विचारलं, ‘ग्लुकोज किती वेळ चालू होतं?’ मी सांगितलं, ‘साडेअकरापासून.’ त्यांनी घड्याळाकडे बघितलं. सहा वाजत आले होते. त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर त्यांनी नानांना समजावलं. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात जीवनसत्त्वं संपलेली असतात. त्यात एकदम गोडधोड आणि वर साखरेचं सलाईन गेलं की हृदयावर ताण येतो, मेंदूला इजा होते. आधी जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं असतं, तर. नानांनी तिकिटं फाडावीत तशी मान हलवली, एकेका वाक्याला एकदा. मग विचारलं, ‘पण कोणालाच कसं माहीत नव्हतं?’

‘मला होतं,’ मी म्हणाले.

नाना माझ्याकडे बघून बाकावर बसले. आई आधीच बसलेली होती.

अठरा दिवसांनी ताई घरी आली. डोळे स्थिर झालेत. भिंत धरून चालते. जुनं सगळं आठवतं, मे महिन्याच्या आधीचं तर माझ्यापेक्षा जास्त. पण नवीन काही टिकत नाही. सकाळचं दुपारी जातं. डॉक्टर म्हणतात, काही परत येईल, किती ते सांगता येत नाही. शिकवणीची मुलं दुसरीकडे गेली. आई मला रागावली नाही, मारलं नाही. फक्त काही विचारायचं असलं की आता मला विचारत नाही. गल्लीतलंही कुणी विचारायला येत नाही, म्हणजे येत असतील, पण मीच घरात नाही म्हणून सांगते.

धुळ्याहून आत्याबाईंचा फोन आला. नानांनी पाण्यावरच्या उपासांसकट सगळं सांगितलं. सध्या थांबू या, म्हणाल्या. नाना म्हणाले, बरोबर आहे तुमचं.

दसऱ्यानंतर एका रविवारी हितेंद्र एकटेच आले. कुणाला न कळवता, एसटीने. ताईने त्यांना ओळखलं. साडीचा पदर नीट केला, ‘बसा ना,’ म्हणाली आणि भिंतीच्या आधाराने जाऊन पाण्याचा पेला घेऊन आली. त्यांनी प्यायलं. दोन वाक्यं बोलली, मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, ‘अय्या, तुम्हाला पाणी पण विचारलं नाही.’ पुन्हा उठली. आई पुढे झाली तर हितेंद्रनी हातानेच थांबवलं. दुसरा पेला प्यायले. थोड्या वेळाने तिसरा. तिसरा त्यांना जाईना, पण पेला रिकामा करून तिच्या हातात दिला, आणि म्हणाले, ‘छान गार आहे.’

त्यांना स्टँडपर्यंत सोडायला मी गेले. वाटेत त्यांनी विचारलं, ‘किती वेळा केलं तिने?’

‘चार वेळा. मध्ये अंतर किती ठेवायचं ते मी ठरवायचे.’

त्यांनी पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, ‘आत्या बोलली तेव्हा मी समोर बसलो होतो. मला ती आवडली होती, आहे तशी. एवढं बोलायला काय जड होतं?’

मला माहीत होतं काय जड असतं. धुळ्याची गाडी लागली, ते चढले. पुन्हा येईन असं म्हणाले नाहीत, येणार नाही असंही नाही.

घरी आले तर ताई खिडकीत बसली होती. ‘कोण आलं होतं गं? हा पेला कुणाचा?’

मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगायला लागले. गच्चीपासून. वही, ताटं, पाचवा दिवस, रोट, दवाखान्यातला माझा ‘हो’. हे मी ठरवूनच टाकलंय. तिने विचारलं की सगळं सांगायचं, काही गाळायचं नाही. तिच्यासाठी ते दर वेळी पहिलंच असतं. त्याआधी नऊ वेळा सांगून झालं होतं. चार वेळा तिने मला जवळ घेतलं. तीन वेळा तोंड फिरवून झोपली. एकदा थोबाडीत मारली. एकदा खाली बघत म्हणाली, नको म्हणून मान मीच हलवली असेन. संध्याकाळपर्यंत त्यातलं काही उरत नाही. राग नाही आणि माफीही नाही. उरतं ते माझ्याकडेच.

त्या दिवशी तिने शेवटपर्यंत ऐकलं. माझ्या तोंडावरचे केस बाजूला केले आणि मला नीट न्याहाळलं, जसं शिकवणीला नव्याने आलेल्या मुलीला बघायची तसं.

‘तू तर केवढीशी आहेस,’ ती म्हणाली. ‘मी ऐकलं कसं तुझं?’

आईने आतून जेवायला हाक मारली. मी ताईला हात दिला, आणि आम्ही भिंतीच्या कडेकडेने स्वयंपाकघरात गेलो.